उत्तरेची कड

खग्रास चंद्रग्रहणाचं कौतुक सगळेच करतात. चंद्र तांबूस होतो, लोक गच्चीवर जमतात. खंडग्रासाच्या वाट्याला ते भाग्य नाही. मला मात्र खंडग्रासच अधिक प्रिय. चंद्र सावलीत पुरता बुडाला की सावलीची कड दिसेनाशी होते. खंडग्रासात ती अखेरपर्यंत डोळ्यांसमोर राहते, आणि ती कड आपल्या पृथ्वीची असते.

२०२३ साली कोजागिरी २८ ऑक्टोबरला आली आणि ग्रहणही त्याच रात्री. स्पर्श रात्री एक वाजून पाच मिनिटांनी, म्हणजे वेध दुपारी चारपासूनच. रायपूरच्या मराठी घरांत एकच खल चालला होता: दुधाचं काय करायचं? तात्यापाऱ्यातल्या आमच्या आत्याने दूध आटवलं, केशर-वेलची घातली, वर चारोळी पेरली. चारोळी इथल्या जंगलातलीच, इथे तिच्या झाडाला ‘चार’ म्हणतात. मग पातेल्यात तुळशीचं पान टाकून झाकण ठेवलं आणि म्हणाली, “मोक्ष झाल्यावर बघू. तू जा, तुला काय ते बघायचंय ते बघून ये.” तिने नेम पाळला आणि मला अडवलंही नाही. या समजूतदारपणाचं मोल मला फार वाटतं.

मी नवा रायपुरात सेंध जलाशयाकडे गेलो. दिवसा मंत्रालयाच्या वर्दळीने जागं असणारं हे शहर रात्री रिकामं होतं. रुंद रस्ते, दूरवर दिव्यांच्या रांगा आणि मधे मधे अजून शेत न विसरलेली जमीन. भारताची घड्याळं ज्या साडेब्याऐंशी अंशांच्या रेखावृत्तावर लावलेली आहेत ते छत्तीसगडमधूनच जातं. त्यामुळे इथे मध्यरात्र खरोखरीच मध्यरात्रीच्या आसपास होते. चंद्र माथ्यावरून नुकताच पश्चिमेकडे कलला होता, अश्विनी नक्षत्रात. त्याच्या जरा वर गुरू, चांगलाच तेजस्वी.

एक वाजून गेला आणि चंद्राची डावी बाजू मळकट दिसू लागली. हळूहळू तिथे खोलगट काळसरपणा आला. एक चव्वेचाळीसला ग्रहणमध्य. तेव्हाही सावली चंद्राच्या व्यासाच्या जेमतेम बारा टक्क्यांपर्यंत पोहोचली होती. एवढ्याशा तुकड्यावरही कडेची गोलाई लपत नव्हती. हीच गोलाई पाहून अ‍ॅरिस्टॉटलने पृथ्वी गोल असल्याचं अनुमान काढलं, आणि चंद्राला झाकते ती पृथ्वीची सावली हे आर्यभटाने इ. स. ४९९च्या सुमारास स्वच्छ लिहून ठेवलं. ‘दे दान, सुटे गिरान’ची आरोळी त्यानंतरही शतकानुशतकं उठत राहिली. त्या हाकेत चंद्राविषयीची कळकळ होती, तिला मी कधी हसू शकलो नाही.

पण ती कड नेमकी कुठली? त्या रात्री चंद्र सावलीच्या उत्तर अंगाला घासून जात होता. सावलीची उत्तर कड पडते पृथ्वीच्या उत्तर कडेमुळे. म्हणजे कॅनडाच्या उत्तरेला, आर्क्टिक वर्तुळाच्या आसपास, जिथे त्या घटकेला सूर्य मावळत होता, त्या बर्फाळ मुलखाची रेघ मी छत्तीसगडातल्या एका तळ्याकाठी उभा राहून चंद्रावर पाहत होतो. ज्या प्रदेशात मी कधी पाऊल ठेवणार नाही, त्याची सावली इतकी स्पष्ट!

नॉर्वेत ट्रॉम्सोला राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीशी नंतर फोनवर बोललो. ग्रहणमध्याच्या वेळी तिथे रात्रीचे सव्वादहा. चंद्र आग्नेयेला, क्षितिज आणि माथा यांमधल्या अंतराच्या तिसऱ्या हिश्शावर. मी डाग डावीकडे होता म्हटलं, तर ती ठामपणे म्हणाली, “छे रे, खाली होता.” दोघांचंही बरोबर. ती पृथ्वीच्या उतारावर पार उत्तरेला उभी, मी एकविसाव्या अक्षांशावर. तिचं ‘वर’ आणि माझं ‘वर’ एका दिशेला नव्हतंच. मग बराच वेळ आम्ही दोघंही फोन कानाला लावून, आपापल्या खिडकीजवळ हातवारे करत, एकमेकांना तो चंद्र फिरवून दाखवत राहिलो.