बाईंची वही

बाई जाऊन बरीच वर्षं झाली, तरी माझा पगार अजून त्यांच्याच कमाईतून येतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर शिकवलं. त्यांच्या माघारी त्यांच्या मुलाला, म्हणजे आमच्या भैय्याला, कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं आणि त्यातली ठरलेली रक्कम महिन्याच्या सुरुवातीला माझ्या खात्यावर पडते. ही सगळी तजवीज बाईंनी हयातीतच करून ठेवली होती. मी त्यांचा जो देणेकरी आहे, त्याचा हिशेब मात्र कुठल्या पासबुकात निघणार नाही. म्हणून लिहायला बसलो.

मी लोहा तालुक्यातल्या एका खेड्यातला. बारावी झाली आणि कामासाठी नांदेडला आलो. 2008 चं ते साल. शिखांच्या गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीसाठी शहरात सगळीकडं रस्ते रुंद होत होते, गोदावरीचे घाट बांधले जात होते, त्यामुळं आमच्यासारख्या पोरांना रोज मजुरी मिळायची. सोहळा उरकला तशी कामं आटली. एका किराणा दुकानदारानं सांगितलं, "एक रिटायर बाई हायत. त्यांच्या लेकासाठी सोबतीला माणूस पाहिजे. मतिमंद हाय, पण गरीब हाय बिचारा. बघ जमतंय का."

लेक म्हणजे लहान मुलगा असणार, असं धरून गेलो. भैय्यानं तिशी कधीच ओलांडली होती. माझ्याहून चांगला मोठा, दणकट, मिशा राखलेला. विशेष शाळा अठराव्या वर्षी संपते. त्यापुढं प्रौढांसाठी कर्मशाळा असतात, पण त्या थोड्या आणि तिथल्या जागा मोजक्या. लहानपणी अशा मुलाच्या डोक्यावरून कुणीही हात फिरवतं. तोच पुरुष झाला की शेजारपाजारची माणसं दार ओढून घेतात. त्याला रोज काय करायचं असतं, कुणाशी बोलायचं असतं, चार पैसे मिळवावेत असं वाटतं का, हे कुणी विचारत नाही. आईबाप थकत जातात आणि घरात एकच वाक्य उरतं : आमच्या माघारी याचं कसं?

त्या दिवशी बाईंनी मला शिक्षण विचारलं नाही, अनुभव विचारला नाही. चहा ठेवला आणि म्हणाल्या, "बस. भैय्या कपडे करायलाय, आला की बोलू." समोरच्या खोलीत भैय्या शर्टाच्या गुंड्या लावत होता. खालची गुंडी लागली. तिच्यावरची काजात जाईना. अंगठा घसरायचा, तो परत बोट लावायचा, मध्येच आमच्याकडं बघून हसायचा. बाई हात मांडीवर ठेवून शांत बसल्या होत्या. वहीत काहीतरी लिहायचं म्हणून पेन तेवढं बोटांत होतं. चहावर साय धरली. शेवटी वरची गुंडी लागली तेव्हा भैय्या बाहेर आला, माझ्यापुढं उभा राहिला आणि छाती काढून म्हणाला, "झालं!" बाई मला म्हणाल्या, "तुला इतका वेळ बसवलं अरे. जड गेलं का?" मी नाही म्हणालो. त्यावर त्यांनी दुसऱ्या दिवसापासून यायला सांगितलं.

ती वही पुढं माझं पाठ्यपुस्तक झाली. तिचा उगम सिकंदराबादचा. मतिमंदांसाठीची राष्ट्रीय संस्था केंद्र सरकारनं 1984 मध्ये तिथं मनोविकास नगरात उभी केली. आम्हा नांदेडकरांना मुंबई-पुण्यापेक्षा सिकंदराबाद जवळ. बाई शाळेच्या सुट्ट्यांमध्ये लहानग्या भैय्याला घेऊन रेल्वेनं तिथं जायच्या. एकेका कामाचे बारीक तुकडे कसे करायचे, ते तिथं पालकांना शिकवत. आंघोळ हे एक काम नाही. बादली सरकवणं, पाण्यात बोट घालून गरम-थंड बघणं, तांब्या भरणं, खांद्यावर ओतणं, साबण धरणं, मानेमागं हात नेणं अशी ती कितीतरी कामं आहेत. त्यातलं शेवटचं काम आधी त्याच्या हाती द्यायचं, म्हणजे पूर्ण केल्याचा आनंद पहिल्याच दिवशी त्याचा होतो. मग मागं मागं येत एकेक तुकडा सोपवायचा. वहीत प्रत्येक तुकड्यापुढं बाईंची खूण असे : 'स्व' म्हणजे स्वतः केलं, 'सां' म्हणजे सांगावं लागलं, 'हा' म्हणजे हात धरावा लागला. 'हा'चा 'सां' आणि 'सां'चा 'स्व' व्हायला कधी कधी वर्ष जाई. खेड्यातल्या पोराला शेतात बी उगवायची वाट बघणं ठाऊक असतं, पण माणसाची अशी वाट बघता येते, हे मला त्या वहीनं शिकवलं.

बाईंचा दुसरा नेम बाहेरचा होता. चहाच्या गाड्यावर, कटिंगच्या दुकानात, एसटीत लोक भैय्याबद्दल मला विचारत. "याला साखर चालते का?" "याचे केस बारीक करू का?" बाईंनी सांगून ठेवलं होतं की, उत्तर द्यायचं नाही, भैय्याकडं बघायचं. आपण बघितलं की समोरचाही बघतो. मग भैय्या सावकाश बोलायचा, "साखर कमी." ते दोन शब्द यायला जो वेळ लागे, तो दुकानदारालाही द्यायला लावणं, हे माझं काम. पहिल्या काही दिवसांनंतर गाडेवाले आपणहून त्यालाच विचारू लागले.

भैय्याला सगळ्यात आवडायचा तो लंगर. सचखंड हुजूर साहिबच्या परिसरात रात्रंदिवस पंगती उठतात आणि सेवा करायला कुणालाही मज्जाव नाही. भैय्या डोक्याला रुमाल बांधायचा आणि स्टीलच्या ताटांच्या ढिगाशी जाऊन उभा राहायचा. धुतलेलं ताट पुसून चळतीवर ठेवायचं. एका आकाराची ताटं एकावर एक अशी बसवायची की कड कडेला लागली पाहिजे. तिथं पंजाबातून आलेले यात्रेकरू असत, गावातल्या बाया असत, कॉलेजची पोरं असत. भैय्याला काय झालंय, हे तिथं कधी कुणी विचारलं नाही. एक म्हातारे सेवादार त्याच्या चळती बघून दुसऱ्यांना म्हणायचे, "ऐसे रखो." घरी आल्यावर भैय्या बाईंना तेच वाक्य पुनःपुन्हा सांगायचा. आपल्या मुलाचं काम दुसऱ्यांना दाखवण्यासारखं आहे, हे ऐकताना बाईंचा चेहरा कसा व्हायचा, ते मी लिहू शकत नाही.

माझ्या बाबतीत बाई व्यवहाराला पक्क्या होत्या. एक तारखेला पगाराचं पाकीट, आठवड्याची सुट्टी, दिवाळीला वेगळे पैसे. घरचा माणूस म्हणून कामाला लावायचं आणि पगाराच्या वेळी घरचाच म्हणून टाळायचं, ही रीत त्यांना मुळीच मान्य नव्हती. "तू इथं पुण्य करायला येत नाहीस. हे कसबाचं काम आहे आणि कसबाचे पैसे असतात," असं त्या सांगायच्या. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा बी.ए.चा फॉर्मही त्यांनीच आणला. फी त्यांनी भरली आणि पगारातून कापू दिली नाही. अभ्यास केंद्रावर संपर्क सत्र असलं की त्या दिवशी स्वतः भैय्याजवळ थांबायच्या. गुडघ्यांनी हैराण झालेल्या होत्या, तरी त्यांनी माझं एकही सत्र चुकू दिलं नाही. आमच्या भावकीत पहिला पदवीधर मी झालो, तो असा.

आणि त्यांची ती कागदांची फाईल! ऐपत असलेल्या, शिकलेल्या घरांतही हे माहीत नसतं, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. मतिमंद व्यक्ती 18 वर्षांची झाली की कायद्यानं ती सज्ञान ठरते आणि आईबापही आपोआप तिचे पालक राहत नाहीत. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी कायदेशीर पालक नेमता येतो. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते. तिच्यावर एका नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते. याच न्यासाची निरामय नावाची आरोग्य विमा योजना आहे, एक लाखापर्यंतच्या खर्चाची. बाईंनी दोन्ही करून घेतलं. त्याहून मोठी गोष्ट पेन्शनची. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, 1982 प्रमाणे कर्मचाऱ्याचं मूल मनोविकलांग असेल आणि स्वतः कमवू शकत नसेल, तर त्याला हयातभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं. पण वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं, नोंदी लागतात. आई जिवंत असताना हे जितकं सोपं, तितकं ती गेल्यावर राहत नाही. गुडघे धरत, जिने चढत बाईंनी एकेक कागद जमवला. माघारी याचं कसं, या प्रश्नाचं उत्तर त्यांनी देवावर सोडलं नाही.

2014 च्या पावसाळ्यात बाई गेल्या. लातूरहून ताई आल्या, भैय्याची बहीण. तेरावं झाल्यावर नातेवाईक आपापसात बोलू लागले की, भैय्याला कुठल्या तरी आश्रमात ठेवावं. ताईंनी सगळ्यांना गप्प केलं आणि भैय्यापुढं बसल्या. "भैय्या, इथं राहायचंय का माझ्याकडं लातूरला यायचंय?" बराच वेळ गेला. घरातली माणसं चुळबुळ करू लागली. ताई आईच्याच लेक, हात मांडीवर ठेवून बसल्या. भैय्यानं माझ्याकडं बोट केलं. "हा येतो का?"

असा मी लातूरकर झालो.

लातूरनं आमची पहिली परीक्षा पाण्यानं घेतली. 2016 चा दुष्काळ सगळ्यांना आठवतो. पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली होती. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या फेरीला 10 वाघिणी, 5 लाख लिटर. भैय्याची आंघोळ भरल्या बादलीवर शिकलेली. तांबे किती, कुठल्या खांद्यावर कुठला, सगळं अंगवळणी पडलेलं. आता बादलीत पाव पाणी. ठरलेली गोष्ट मोडली की त्याचा जीव कासावीस होतो. बाईंची वही काढली, आंघोळीचं पान पुन्हा नव्यानं लिहिलं. बादलीच्या आत तेलरंगाची लाल रेघ ओढली, मोठ्या तांब्याच्या जागी छोटा पेला आणला, खाली पाणी धरायला घमेलं ठेवलं. त्या घमेल्यातलं पाणी संडासात ओतायचं, हा शेवटचा तुकडा आधी भैय्याच्या हाती दिला. आठवडे गेले, आणि मग तो घराचा पाणीदार झाला. नळाशी कुणी भांडं विसळताना जास्त धार सोडली की हा मागं उभा : "रेघ! रेघ बघा!" पाहुण्यांनाही सोडायचा नाही. त्या उन्हाळ्यात आमच्या घरात पाणी सांडलं नाही, ते त्याच्यामुळं.

ताईंच्या सासूबाई, आम्ही सगळे त्यांना आज्जी म्हणायचो, औसा तालुक्यातल्या. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात त्यांनी घर आणि माणसं गमावली होती. बंद दाराच्या खोलीत त्या झोपायच्या नाहीत. भैय्यालाही दार उघडंच लागायचं, त्यामुळं दोघांचं जमलं. मी भैय्याला आंघोळीचं सांगत असलो की आज्जी म्हणायच्या, "आम्हाला तरी त्या वक्ताला काय येत होतं रे लेकरा? पत्र्यात बसलो तर अंगावर पाणी घ्यायची सुद नव्हती. माणसानंच उठवलं की." भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादच्या गावांमध्ये महिला मंडळांतल्या बाया संवाद सहायक म्हणून उभ्या राहिल्या. प्रेमा गोपालन यांच्या स्वयम् शिक्षण प्रयोगानं त्यांना त्या कामात आणलं. घरदुरुस्तीचे कागद, अनुदानाचे हप्ते, बांधकाम यात त्या घरोघरच्या माणसांना सोबत करत. त्यांच्यातल्या एकीचं नाव आज्जी शेवटपर्यंत काढायच्या. मी करतो ते काम या मातीत माझ्या आधी कितीतरी जणींनी केलंय, हे मला आज्जींमुळं समजलं.

मग गंजगोलाई. 16 रस्ते जिथं येऊन मिळतात, तिथं नवखा धडधाकट माणूसही चकतो. भैय्याला तिथून एकट्यानं घरी यायचं होतं. हे त्यानंच ठरवलं, आम्ही कुणी नाही. जगदंबेच्या देवळापासून सुरुवात केली. पाट्या वाचता येत नाहीत, पण भांड्यांचं दुकान त्याला लांबून ओळखू येतं. रचलेल्या ताटांवर त्याची नजर लंगरपासून बसलेली. तिथून डावीकडं वळायचं. मी आधी बरोबर चालायचो, मग दहा पावलं मागं, मग रस्त्याच्या पलीकडून, मग घराच्या कोपऱ्यावर. एके संध्याकाळी तो एकटा आला, हातात शेंगदाण्याची पुडी. ताईंनी विचारलं, "कुणी दिली रे?" म्हणाला, "घेतली. पैसे दिले." वहीत त्या दिवशी मी 'स्व' लिहिलं.

आता लातूर, उदगीरकडची काही मुलं-मुली हे काम शिकायला माझ्याकडं येतात. कुणी चाळिशीच्या बाईबरोबर असतं, कुणी पक्षाघात झालेल्या आजोबांबरोबर. त्यांना पहिल्या दिवशी मी वहीच्या झेरॉक्स देतो. घरच्यांना स्पष्ट सांगतो की, पगार तारखेला झाला पाहिजे, सुट्टी मिळाली पाहिजे. कुणी कुरकुर केली की बाईंचं कसबाचं वाक्य ऐकवतो.

दसऱ्याला भैय्याला नांदेडला जायचंय, हल्लाबोल मिरवणूक बघायला आणि ताटं पुसायला. आता तो जातो त्या कर्मशाळेत मिळालेले पैसे त्यानं डब्यात साठवलेत. एसटीत दिव्यांगांना भाड्यात 75 टक्के सवलत असते. कार्ड दाखवायचं, गावाचं नाव सांगायचं, सुटे पैसे मोजून घ्यायचे, याची आमची तयारी चाललीय. कार्ड काढणं आणि नाव सांगणं 'स्व'वर आलंय, सुटे पैसे अजून 'सां'वर आहेत. दसऱ्याला अजून वेळ आहे.