सभासद वाढवायचे, पण जाणती माणसं?

ऑक्टोबर छाटणीची घाई आहे, तरी हे लिहितोय, कारण रविवारी आमच्या गटाची बैठक आहे आणि विषय एकच. आत्ता आम्ही बेचाळीस जण. यंदा दीडशे करायचे का? पलीकडच्या दोन गावांतले लोक यायला तयार आहेत. बँकही शीतगृहाला कर्ज देते म्हणतेय.

पुतण्या एमबीए करतोय. त्याच्या अभ्यासात एडिथ पेनरोज या बाईंचं 1959 सालचं पुस्तक आहे, कंपन्या कशा वाढतात यावर. त्याने मला आपल्या भाषेत समजावलं. पैसा मिळतो, मशिनरी मिळते, पण आपला धंदा आतून ओळखणारी माणसं बाजारात तयार मिळत नाहीत. नवा माणूस घेतला की त्याला शिकवायला जुन्याचाच वेळ जातो. म्हणून कंपनी किती वेगाने वाढणार हे तिच्यातल्या जाणत्या माणसांवर ठरतं.

हे द्राक्षवाल्याला वेगळं सांगायला नको. घड ठेवताना आपण काडी बघतो, पानं बघतो. लोभाने सगळेच ठेवले तर मणी फुगत नाही, साखर भरत नाही.

आता आमची पानं मोजू. फवारणीच्या नोंदी तपासणारा एक, माल बघणारा एक, हिशेब ठेवणारी एक सूनबाई. संपलं. 2010 ला सीसीसीच्या रेसिड्यूमुळे युरोपात आपली द्राक्षं अडकली होती, ते जिल्ह्यात कोण विसरलंय? एका बागेतली चूक सगळ्या कंटेनरला भोवते. दीडशे बागांच्या वह्या एकटा माणूस कशा तपासणार?

कुणी म्हणेल, सह्याद्री बघा की. जरूर बघा. विलास शिंदे आधी काही वर्षं द्राक्ष निर्यात करतच होते, मग 2010 ला शेतकरी कंपनी उभी राहिली. परदेशातून सुमारे 310 कोटींची गुंतवणूक आली ती 2022 ला. तीही मूळ कंपनीत नाही, उपकंपनीत, कारण उत्पादक कंपनीचे शेअर्स कायद्याने उत्पादकालाच घेता येतात. मोहाडीला बस भरून लोक जातात, पॅकहाऊसचे फोटो काढतात. मधल्या बारा वर्षांचा फोटो कसा काढणार?

माझं मत, यंदा पंधराच नवे घ्यावेत. त्यांच्या घरची दोन पोरं हंगामभर नोंदीवाल्याच्या मागे फिरवावीत. शीतगृह पुढच्या वर्षी. पण पलीकडचे लोक वर्षभर थांबतीलच असं नाही. व्यापारी उचल देऊन माल बांधून घेईल, मग ते कशाला येतील आपल्याकडे? त्यांच्यात माझा साडूही आहे. काल दोनदा फोन आला त्याचा, अजून उचलला नाही.