मळसूत्राची ओढ

लखनौच्या पूर्वेस वसलेल्या चिनहटचे नाव इतिहासाच्या दप्तरात ३० जून १८५७च्या लढाईमुळे आणि बाजारात झिलईदार मातीच्या भांड्यांमुळे नोंदले गेले असले, तरी माझा मुक्काम येथे पडला तो सूक्ष्मदर्शकांतील लेसरकिरण वाटेवर आणण्याच्या नोकरीपायी.

मार्विन मिन्स्की यांनी १९५७ साली ज्याच्या पेटंटासाठी अर्ज केला, त्या कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाची सारी मदार एका सूक्ष्म छिद्रावर असते. नाभीतून आलेला प्रकाश तेवढा त्यातून पार होतो आणि वरच्या-खालच्या थरांतला अडतो. किरण केसभर कलला, की नाभीची आणि छिद्राची गाठ चुकते व चित्र मंदावते. म्हणून यंत्र तासभर तापू द्यावे, हातातले घड्याळ आणि अंगठी उतरवून ठेवावी, किरण अगदी मंद करावा आणि मग दोन आरशांना हात घालावा, हा आमचा शिरस्ता. किरणाच्या वाटेवर ठेवलेल्या दोन भोकांपैकी पहिल्या आरशाने ठिपका जवळच्या भोकात आणावा, दुसऱ्याने दूरच्या. दूरचा साधला की जवळचा थोडा ढळतो, पण दर फेरीला चूक घटत जाते. नवशिका एकाच भोकावर समाधान मानतो; एका बिंदूतून वाटेल तितक्या रेषा जातात, हे भूमितीच्या तासाला शिकलेले वचन त्याला तेथे आठवत नाही.

एकदा एका प्रयोगशाळेत दुपारभर खपून मी ४८८ नॅनोमीटरचा निळा किरण असा बसवला, की शंभर नॅनोमीटरच्या चकाकत्या मण्याचे चित्र नाभीच्या वर आणि खाली सारखेच फुलू लागले. कृतार्थ होऊन मी आरशाचे मळसूत्र आवळले, आणि मण्याला धूमकेतूसारखी शेपूट फुटली. आवळता आवळता आरसाच किंचित ओढला गेला होता. त्या आरशाची ओढ कोणत्या बाजूची आणि किती, हे बोटांना कळेपर्यंत संध्याकाळ झाली. अखेर ठिपका मुद्दाम उलट्या अंगाला तेवढाच चुकवून ठेवला, तेव्हा मळसूत्राच्या शेवटच्या पाव फेऱ्याने तो आपसूक जागी आला.

पुढे एका वृद्ध कुंभाराच्या अंगणात चाकावरची सुरई मला हव्या त्या मापाहून मोठी दिसली, म्हणून मी हरकत घेतली. त्यावर तो हात न थांबवता एवढेच म्हणाला, की सुकताना आणि भट्टीत ती आक्रसणार आहे, तेव्हा माप आज नव्हे, भट्टीतून निघेल त्या दिवशी घ्यावे.