साडेआठच्या आधीचा पाऊस, नंतरचा पाऊस

‘त्या दिवशी आपल्याकडे किती पाऊस पडला होता?’ बुलढाणा जिल्ह्यातल्या आमच्या मलकापुरात हा प्रश्न कधी पीकविम्याच्या भांडणातून निघतो, कधी नाल्यावरच्या वाहून गेलेल्या फरशीवरून, कधी जुन्या माणसांच्या गप्पांतून. उत्तरादाखल कागदावर एक आकडा मिळतो. इतके मिलिमीटर. पुढे कुणी काही विचारत नाही, आणि मला खटकतं ते हेच. जुन्या पावसाच्या नोंदी धुंडाळण्याच्या नादाला लागल्यापासून माझं मत पक्कं होत गेलंय की, मुसळधार पावसाचा एकटा आकडा जवळजवळ काहीच सांगत नाही. तो कोणत्या मापकाचा, किती वाजता वाचलेला, कोणत्या तारखेखाली लिहिलेला आणि शेजारच्या मापकांनी त्याच वेळी काय दाखवलं, एवढं कळल्याशिवाय त्या आकड्यावर कुणाचा दावा फेटाळणं मला तरी न्यायाचं वाटत नाही.

आधी मापकाचंच घ्या. तालुक्याच्या ठिकाणी उघड्या जागेत ओट्यावर बसवलेलं साधं नळकांडं, वर पितळी कड्याचं नरसाळं, आत पाणी साठवणारी बाटली. रोज सकाळी एक माणूस ती बाटली मापाच्या काचेच्या नळीत ओततो आणि वहीत आकडा लिहितो. नळी लहान असते, त्यामुळे मोठ्या पावसात ती पुन्हा पुन्हा भरून मोजावी लागते. बाटली भरून बाहेरच्या डब्यात पाणी सांडलं असेल तर तेही मोजायचं असतं. म्हणजे ज्या दिवशीचा आकडा आपल्याला सगळ्यांत जास्त हवा असतो, त्याच दिवशी चूक व्हायला सगळ्यांत जास्त वाव. शिवाय 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंतच्या नोंदी इंच आणि सेंटमध्ये आहेत. जुन्या तक्त्यातले 5.20 म्हणजे पाच मिलिमीटरची भुरभुर नव्हे, 132 मिलिमीटरचा धो धो पाऊस. हे माहीत नसलेल्याने तक्ता उतरवून घेतला की एक अख्खं वादळ कागदावरून पुसलं जातं.

तारखेचा घोळ तर याहून वाईट. भारतात दिवसाचा पाऊस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असा धरतात, आणि मोजणी ज्या दिवशी झाली त्या तारखेपुढे तो लिहितात. मुंबईचा 26 जुलै 2005 चा पाऊस सगळ्यांच्या तोंडी आहे, पण सांताक्रूझचे ते 944 मिलिमीटर 27 जुलैच्या सकाळी साडेआठला संपणाऱ्या चोवीस तासांचे आहेत. शेतकरी म्हणतो मंगळवारी बुडालो, वही म्हणते बुधवारी पाऊस झाला, आणि साहेबांच्या टेबलावर मंगळवारची ओळ उघडलेली असते. त्या ओळीत फारसं काही नाही. माणूस खोटारडा ठरतो.

आता याला शासनाची 65 मिलिमीटरची अट जोडून बघा. महसूल मंडळात चोवीस तासांत 65 मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला तर ती अतिवृष्टी, आणि मग मदतीचा विचार. समजा पहाटे चारपासून दुपारी एकपर्यंत पाऊस कोसळला, एकूण 110 मिलिमीटर. त्यातला साडेआठच्या आधीचा 60, नंतरचा 50. नऊ तासांत एवढं पाणी पडलं, काळ्या जमिनीत कपाशी उभी सडली, नाल्याकाठची माती खरवडून गेली. पण वहीत एका तारखेला 60, दुसऱ्या तारखेला 50. दोन्ही दिवस अटीच्या खाली. अतिवृष्टी झालीच नाही! तोच पाऊस सकाळी नऊला सुरू झाला असता तर झाली असती. ढगाने घड्याळ बघून यावं अशी ही अपेक्षा आहे. कुणी म्हणेल, रेषा कुठेतरी ओढावीच लागते, रोज सकाळी एकदाच मोजणाऱ्या माणसाकडून दुसरं काय होणार? जुन्या नोंदींपुरतं हे मला मान्य आहे. पण महावेध प्रकल्पात मंडळामंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रं बसवून काही वर्षं झाली आणि ती केंद्रं दिवसभर थोड्या थोड्या वेळाने पाऊस नोंदवतात. कोणतेही सलग चोवीस तास धरून बेरीज करणं आता संगणकाला चुटकीसरशी जमतं. तरीही हिशेब साडेआठलाच तोडायचा असेल तर त्याला सवय म्हणावं लागेल; नाइलाज म्हणता येणार नाही. 2023 मध्ये राज्याने सततच्या पावसालाही नैसर्गिक आपत्ती मानायचं ठरवलं, म्हणजे एका दिवसाची अट अपुरी पडते हे सरकारलाही कळलेलं आहे.

दुसरा घोळ गावांच्या नावांचा. मलकापूर म्हटलं की कोल्हापूरकडच्या शाहूवाडीतलं मलकापूर निघतं, कऱ्हाडजवळचं निघतं. शाहूवाडीचं मलकापूर सह्याद्रीच्या पावसातलं. त्याचा आकडा आपल्या नळगंगेकाठच्या मलकापुराला चिकटला तर विदर्भात कोकण अवतरलं असं वाटावं. वऱ्हाडच्या जुन्या तक्त्यांत नुसतं ‘जळगाव’ लिहिलेलं दिसतं ते जळगाव जामोद, खानदेशातलं नव्हे. ब्रिटिश काळात बुलढाणा जिल्ह्याचे तालुके पाचच होते: चिखली, मेहकर, मलकापूर, खामगाव आणि जळगाव. मोताळा आणि नांदुरा हे तालुके पुढे झाले, त्यामुळे त्या नावांनी जुना पाऊस शोधणारा रिकाम्या हाताने परततो. मुक्ताईनगरचा शोधायचा तर एदलाबाद या नावाखाली. त्यात मलकापूर आधी वऱ्हाडात, 1903 पासून मध्यप्रांताच्या कारभारात, 1956 ला द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि 1960 ला महाराष्ट्रात. गाव जागच्या जागी राहिलं. त्याचे कागद मात्र नागपूर, मुंबई, पुणे असे फिरत राहिले.

यावर तयार उत्तर असतं की आता सगळं संगणकावर आहे. हवामान विभागाने 1901 पासूनचा देशभरचा दैनंदिन पाऊस पाव अंशाच्या चौकटींत बसवून दिला आहे, तारीख टाका, आकडा घ्या. काम मोठं आहे, आणि हंगामाचा कल पाहायला, दुष्काळी वर्षं ओळखायला ते उत्तमच. पण अशी एक चौकट साधारण पंचवीस किलोमीटर लांब-रुंद असते आणि तिच्यातला आकडा आजूबाजूच्या मापकांवरून काढलेला असतो. 26 जुलैच्या त्या पावसात सांताक्रूझला 944 मिलिमीटर झाला तेव्हा कुलाब्याला फक्त 73 होता, आणि दोघांत अंतर जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटर. दोहोंची सरासरी काढली तर जो आकडा येतो तेवढा पाऊस दोन्ही ठिकाणी पडलाच नव्हता. 2023 च्या जुलैत जळगाव जामोद आणि संग्रामपूर भागात सातपुड्याच्या पायथ्याला जो पाऊस कोसळला, तो पूर्णा नदीच्या अलीकडे बसून चौकटीच्या आकड्यावरून ओळखणं अवघड.

जुनं मोठं वादळ शोधायचं तर नदीच्या बाजूने शोधावं, असं मी आता प्रत्येकाला सांगतो. ऑगस्ट 1968 घ्या. तापीला त्या महिन्यात आलेल्या पुराने सुरत बुडवलं. उकाई धरण पूर्ण व्हायला अजून चार वर्षं होती आणि हातनूर तर त्याच्याही नंतरचं. बंगालच्या उपसागरातले कमी दाबाचे पट्टे सातपुड्याच्या अंगाने पश्चिमेला सरकतात, आणि तापीही पश्चिमेलाच वाहते. त्यामुळे वरचं पाणी खाली पोचतं त्याच सुमारास पाऊसही खाली पोचलेला असतो. अशा वादळात मलकापूरची एक ओळ घेऊन बसण्यात अर्थ नाही. तीन-चार दिवसांच्या ओळी घ्याव्यात, बुऱ्हाणपूरपासून एदलाबादपर्यंतच्या घ्याव्यात, पूर्णा चांगदेवला तापीला मिळते तिथवरच्या घ्याव्यात. मग रेल्वेच्या पुलांकडे जावं. खांबांवर पुराची सर्वोच्च पातळी सालासकट रंगवून ठेवायची रेल्वेची पद्धत आहे. पाऊस मोजणारा रजेवर असू शकतो, बाटली सांडू शकते, पण पुलाखालून पाणी किती उंच गेलं याची खूण वेगळ्याच खात्याने वेगळ्याच कारणासाठी केलेली असते, म्हणून ती मला जास्त विश्वासाची वाटते. अर्थात पूर वरच्या पावसाचाही असतो. गावात थेंब न पडता नळगंगा दुथडी भरून वाहू शकते. तेव्हा एकट्या खुणेवरही विसंबून चालत नाही.

नोंदी मिळवण्याबद्दल लोक म्हणतात, माहितीचा अधिकार आहे, अर्ज टाका. पण अर्ज कुठे टाकायचा हे कळायलाच वरचा सगळा इतिहास लागतो: हा आकडा महसूलचा, कृषी खात्याचा, जलसंपदाचा की हवामान विभागाचा? आणि त्याच कायद्याचं कलम 4 सांगतं की बरीच माहिती खात्यांनी न मागता स्वतःहून मांडायची आहे. तालुक्याचा शंभर वर्षांचा रोजचा पाऊस यात बसत नसेल तर काय बसतं? तो तहसीलमध्ये कुणालाही फुकट बघता आला पाहिजे, असं मी ठासून म्हणत आलोय. मात्र इंचांचे मिलिमीटर न केलेली, तारखा एक दिवस पुढे असलेली, कुठल्या मलकापूरची ते न सांगणारी ती पानं तशीच्या तशी उघडी केली, तर पहिला फायदा विमा कंपनीच्या वकिलाला होईल, हेही मला दिसतं. त्याला हवी ती मंगळवारची ओळ तो बरोबर उचलेल. यावर अजून माझं माझ्याशीच पटलेलं नाही. तूर्त माझं मागणं एवढंच की प्रत्येक आकड्यापुढे मोजणीची वेळ लिहा, आणि दावा तपासताना आदल्या व दुसऱ्या दिवसाच्या ओळीही जोडा. याला नवा कायदा नको की नवं यंत्र. मंडळाच्या तक्त्यात एक रकाना वाढवला की पुरे.