निजलेले तळे

हिवाळ्याचे भय म्हणजे काय, हे कोकणातल्या माणसास ठाऊक नसते. म्हसळ्यास पौषातल्या पहाटे अंगणात शेकोटी पेटते, वडील मंडळी कानटोपी घालून पडवीत बसतात, आणि ऊन वर आले की तीच थंडी गोड वाटू लागते. पाणी गोठून त्याचा दगड व्हावा, हा प्रकार आमच्या खाडीकाठच्या मुलुखात कोणी पाहिलेला नाही. महाबळेश्वरी वेण्णा तलावाच्या काठी एखाद्या पहाटे गवतावर पांढरे हिमकण दिसतात. आमच्या माहितीतला हिवाळ्याचा प्रताप तेवढाच. आमच्या परसातल्या तळ्याचा वैरी उन्हाळा होय. असे असता 'हिवाळ्यात तळे कसे जगवावे' या विषयावर चार शब्द लिहावयास आम्ही बसलो आहो, याचे कारण एवढेच की, घरच्या तळ्यावरून आमच्या कुटुंबात वर्ष-दीड वर्ष जो वाद चालला, त्यास वळण लागले ते एका बर्फाखालच्या तळ्यामुळे.

प्रथम आमच्या तळ्याची हकीकत सांगितली पाहिजे. म्हसळा जंजिरा संस्थानात होता (ते संस्थान 1948 मध्ये विलीन झाले), त्या काळी आमच्या आजोबांनी परसात जांभ्या दगडाचे हे तळे बांधविले. लांबी दहा हात, रुंदी सहा हात, खोली जेमतेम कमरेइतकी. विहिरीवरच्या रहाटाचे पाणी दोणीत पडे, दोणीतून पाटाने पोफळींच्या आळ्यांतून फिरे, आणि उरलेले पाणी तळ्यात येऊन विसावे. तळाशी चिकणमातीचा थर आणि त्यात कमळाचे कंद. श्रावणापासून आश्विनापर्यंत फुले येत. लक्ष्मीपूजनास विकतचे कमळ आमच्या घरात कधी आले नाही. पुढे रहाट जाऊन विजेचा पंप आला, तरी पाटाचा क्रम तोच राहिला. बदलले ते घर. जेथे एका पंगतीस पंधरा पाने मांडली जात, तेथे बारा महिने राहणारी माणसे तीनच उरली; बाकीची पनवेल, पुणे आणि परदेश अशी पांगली.

अशात 3 जून 2020 रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर चढले, आणि श्रीवर्धन व म्हसळा या तालुक्यांतील पिढ्यानपिढ्यांच्या नारळी-पोफळीच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. आमच्या परसातल्या अकरा पोफळी आणि एक माड थेट तळ्यावर कोसळला. ते दिवस करोनाच्या साथीचे, मजूर मिळेनात. ओंडके हलविण्यास पुढल्या वर्षीचा माघ उजाडला. त्या पावसाळ्यात कडेच्या मोकळ्या पाण्यात कमळाची दोन-चार पाने दिसली, इतकेच. पाट फुटलेला असल्याने चैत्रात तळे प्रथमच कोरडे पडले आणि तळाच्या मातीस भेगा गेल्या.

पुण्यास राहणाऱ्या आमच्या मधल्या बंधूंनी तेव्हा तळे बुजविण्याचा प्रस्ताव मांडला. त्यांचे म्हणणे अविचाराचे नव्हते. साचलेल्या पाण्यात डास होतात, सुटीत लहान मुले येतात तेव्हा काठावर कोणी तरी उभे राहावे लागते, आणि देखभालीचा सारा भार म्हाताऱ्या माणसांवर पडतो. वहिनी, म्हणजे आमच्या थोरल्या बंधूंच्या पत्नी, ऐकेनात, तेव्हा ते म्हणाले, "वहिनी, फूल कोणाला नको आहे? पण राखायला माणूस कोण, ते सांगा." या प्रश्नास आमच्यापैकी कोणाजवळच उत्तर नव्हते.

याच मधल्या बंधूंचे चिरंजीव शिकागोच्या एका उपनगरात राहतात. घर घेतल्यावर त्यांनी मागल्या अंगणात लहानसे तळे खणले. म्हसळ्याचा कंद तिकडे नेण्याची त्यांना फार इच्छा होती. पण मातीत वाढलेली मुळे परवान्यावाचून परदेशी नेता येत नाहीत, आणि ते योग्यच आहे, कारण मुळांबरोबर रोग व कीडही प्रवास करतात. त्यांनी तेथलाच कंद विकत घेतला. कमळ हे केवळ उष्ण देशाचे फूल, अशी आपली समजूत असते. परंतु उत्तर अमेरिकेत पिवळ्या कमळाची एक जात मूळचीच आहे, आणि शिकागोच्या उत्तरेकडील ग्रास लेक या सरोवरातली तिची बने पाहण्यास एके काळी लोक मुद्दाम जात. 30 जानेवारी 2019 रोजी त्या शहरी पारा शून्याखाली तीस अंशांपर्यंत उतरला होता. त्या प्रदेशात हे फूल टिकते, याचे आम्हांस मोठे कुतूहल वाटे, म्हणून आम्ही त्यांजकडून सारी रीत तपशीलवार विचारून घेतली.

मूळ आधार पाण्याच्या एका स्वभावाचा आहे. बहुतेक द्रव गोठताना आकसतात व जड होतात. पाणी मात्र 4 अंश सेल्सियसला सर्वांत जड असते. त्याहून थंड झाले की ते हलके होऊन वर येते, आणि बर्फ तर पाण्याहून हलकाच. त्यामुळे तळे वरून खाली गोठत जाते. वरचा बर्फाचा थर गोधडीसारखा पसरतो आणि त्याखाली, तळाशी, पाणी चार अंशांच्या आसपास राहते. तळे पुरेसे खोल असले, म्हणजे तिकडे अडीच-तीन फूट किंवा थोडे अधिक, तर तळाचा चिखल गोठत नाही. कंदाला जगावयास एवढे पुरते.

तयारी शरद ऋतूतच करावयाची. झाडांची पाने गळू लागण्यापूर्वी तळ्यावर जाळी पसरावी. कारण पाण्यात पडलेला पाला हिवाळाभर कुजतो, प्राणवायू खातो आणि विषारी वायू सोडतो. वनस्पतींचे तीन वर्ग करावे. पहिला वर्ग थंडी सोसणारांचा: कमळ, तसेच कुमुदांच्या थंड देशांतल्या जाती. यांची पाने पिवळी पडून वाळली म्हणजे कापावी आणि कुंड्या तळाच्या सर्वांत खोल भागी उतरवाव्या. पाने हिरवी असताना कापू नयेत, कारण तोवर ती कंदात अन्न साठवीत असतात. कमळाचे देठ पोकळ असतात आणि त्यांतून कंदाला हवा मिळते, म्हणून ते पाण्याच्या पातळीखाली छाटू नयेत. दुसरा वर्ग उष्ण देशच्या नाजूक कुमुदांचा. आपले नीलोत्पल याच वर्गातले. त्यांचे कंद काढून, धुऊन, ओलसर वाळूत ठेवावे व घराच्या तळघरात दहा-बारा अंशांच्या गारव्यात निजवावे. तिसरा वर्ग तरंगत्या वनस्पतींचा. आपल्याकडे नद्या गुदमरविणारी जलपर्णी तेथील पहिल्या कडक हिमासरशी मरते. ती कुजण्यापूर्वी काढून टाकावी.

माशांची व्यवस्था याहून सोपी, पण मनुष्यस्वभावास कठीण. पाणी दहा अंशांखाली गेले की त्यांस खाणे घालणे बंद करावे. थंडीत त्यांचे शरीर इतके मंदावते की खाल्लेले पचत नाही, आणि उरलेले अन्न पाणी नासविते. मासे तळाशी जवळजवळ निश्चल राहतात. पाणी खेळविणारा पंप तळाशी ठेवू नये, नाही तर तो खालचे उबदार पाणी वर आणून सारेच थंड करतो. बर्फात एक लहानसे भोक मात्र सदैव मोकळे राखावे, म्हणजे आतले दूषित वायू बाहेर पडतात. यासाठी विजेवर चालणारे तरंगते तापक मिळते. भोक गोठलेच, तर बर्फावर हातोडा मारू नये. त्याचा हादरा पाण्यातून माशांस बसतो. गरम पाण्याचे भांडे बर्फावर ठेवावे, ते आपल्या उबेने वाट करून घेते.

ही रीत ऐकताना आमच्या ध्यानात आले ते असे की, हिच्यात करण्यापेक्षा न करण्याचाच भाग मोठा आहे. खाऊ घालू नये, ढवळू नये, ठोकू नये, उकरू नये. आम्ही एकदा विचारले, "पाच महिने काहीच दिसत नाही, तर तुम्हांला धीर कसा धरवतो?" चिरंजीव म्हणाले, "काका, पहिल्या वर्षी रोज खिडकीशी उभा राहत असे. आता फक्त भोक उघडे आहे का, तेवढे पाहतो आणि कामाला जातो."

काश्मीरचे उदाहरण तर आपल्याच देशातले. दल सरोवराचा पृष्ठभाग 'चिल्लई कलान'च्या चाळीस दिवसांत, म्हणजे 21 डिसेंबरपासून जानेवारीअखेरपर्यंत, कडक वर्षी गोठतो. तरी त्याच पाण्यातले कमळाचे देठ, ज्यांस तिकडे नदरू म्हणतात, काश्मिरी पंडितांच्या व मुसलमानांच्या घरी सारख्याच आवडीने खाल्ले जातात. वुलर सरोवरात 1992च्या पुराने इतका गाळ आणला की तेथील कमळे दिसेनाशी झाली. गाळ उपसल्यावर 2025 मध्ये ती पुन्हा फुलली. जपानात डॉ. इचिरो ओगा यांना 1951 मध्ये चिबाजवळच्या जुन्या थरात सापडलेले, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे मानले जाणारे बीज रुजून 1952 मध्ये फुलले. अर्थात बीजाची गोष्ट निराळी आणि कंदाची निराळी. बीजास कठीण कवच असते. कंद मात्र एकदा गोठला किंवा पुरता सुकला की संपला.

येथे आमचा प्रश्न उभा राहिला. शिकागोचा कंद गोठू नये म्हणून पाणी हवे. म्हसळ्याचा कंद सुकू नये म्हणूनही पाणीच हवे. तेथील बेडूक हिवाळ्यात निजतात, आमचे उन्हाळ्यात चिखलात शिरून पावसाची वाट पाहतात. ऋतू उलटा, पण निद्रा तीच. चिरंजिवांनी मोबाइलवर आमचे भेगाळलेले तळे पाहिले आणि सांगितले, "काकूंना म्हणावे, हातभर खणून एक कंद बोटाने दाबून पाहा. घट्ट असेल तर जिवंत आहे. मऊ होऊन वास येत असेल तर बाबांचे म्हणणे खरे."

वहिनींनी खुरपे घेतले. वरची वीतभर माती विटेसारखी झाली होती, खालची मात्र ओलसर लागली. पहिले दोन कंद कुजलेले निघाले. तिसरा घट्ट होता, आणि त्याच्या टोकाशी कोंबाची टोकदार कळी मिटून होती. तो जसाच्या तसा मातीत ठेवून वहिनींनी खड्डा बुजविला. मग तळ्यावर नारळाचे झाप अंथरले आणि रोज सकाळी धुण्याच्या पाण्यापूर्वी विहिरीच्या चार कळश्या झापांवर ओतण्याचा क्रम सुरू झाला. तळे भरण्याचा प्रयत्नच केला नाही. चिखल ओला राहावा, एवढाच हेतू. मृगाचा पाऊस पडल्यावर झाप काढले. आषाढाच्या शेवटी रुपयाएवढे पहिले पान पाण्यावर टेकले. त्या वर्षी फूल आले नाही. फूल आले ते 2022च्या भाद्रपदात, आणि तेही एकच.

मधल्या बंधूंच्या प्रश्नाची धार एका फुलाने बोथट होत नाही, हे आम्ही जाणतो. राखणारे माणूस कोण, हा प्रश्न कोकणातल्या कितीएक घरांपुढे आहे, आणि त्यातील पुष्कळ घरांनी तळी, दोणी, विहिरी यांवर माती लोटली ती हौसेने नव्हे. आमच्या हाती आले ते इतकेच की, तळ्यास बारा महिने माणूस लागत नाही. पावसाळ्यात ते आपले आपण जगते. गप्पी मासे डासांच्या अळ्या खातात. मुलांसाठी काठाला बांबूचा कठडा घातला आहे. माणूस लागते ते चैत्र, वैशाख व अर्धा ज्येष्ठ, एवढ्या अडीच महिन्यांपुरते, आणि तेही दिवसातून चार कळश्यांपुरते. एवढे माणूस मिळाले. वहिनींचे गुडघे आता कळशी उचलू देत नाहीत, तेव्हा शेजारचा एक शाळकरी मुलगा ते काम करतो. त्याच्या मोबदल्यात आश्विनातली पहिली दोन फुले त्याच्या घरी जातात.

तळे बुजविण्याचा प्रस्ताव रीतसर मागे घेतला गेला, असे मात्र झालेले नाही. कोणी तो विषय काढीत नाही, इतकेच. पण वैशाख लागला की मधले बंधू दर रविवारी पुण्याहून दूरध्वनी करतात, प्रकृतीची चौकशी करतात, आंब्यांचे विचारतात, आणि शेवटी आवाज किंचित खाली आणून म्हणतात, "चिखल ओला आहे ना?"