एक लिटर पाणी

दिवाळीच्या सुट्टीत घरी पोचलो तेव्हा ताई माहेरपणाला आली होती, अकरा महिन्यांच्या भाच्याला घेऊन. दोन दिवस मी नुसता मामा म्हणून मिरवलो. तिसऱ्या दिवशी पहाटेपासून पिल्लूला जुलाब सुरू झाले आणि घरात एकदम चार डॉक्टर तयार झाले. आजीने 'पोटाला आराम हवा' म्हणत त्याचं खाणं बंद केलं. आईने ओआरएसची पुडी फोडून त्यातली चिमूटभर पावडर वाटीभर पाण्यात कालवली. ताई नुसती रडत होती. आणि मी? थर्ड इयर मेकॅनिकल, म्हणजे जगातलं सगळं कळणारा प्राणी! मेडिकलमध्ये जाऊन जुलाब 'बंद' करायची गोळी घेऊन आलो. अर्धी द्यावी की पाव, असा विचार चालला होता, तेवढ्यात आजी कडाडली, "त्याला गोळ्या देणारा तू कोण? आधी डॉक्टरांकडे चल."

डॉक्टर तेच, ज्यांच्या टेबलावर लहानपणी मी भोकाड पसरायचो. वाटलं, आता उचलतील, टेबलावर टाकतील, सुई टोचतील. छे! पिल्लूला त्यांनी ताईच्या मांडीवरच राहू दिलं. आधी नुसतं लांबून बघितलं. डोळे, कोरडी जीभ, रडताना पाणी येतंय का ते. मग पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती हळूहळू मागे गेली. "शेवटची शू कधी केली?" चौघंही एकमेकांकडे बघत राहिलो.

"अंगातलं पाणी कमी झालंय. पण पितोय, म्हणजे सलाइन नको. चार तास इथेच बसा." वजन भरलं ८ किलो. किलोमागे ७५ मिलिलिटर, म्हणजे चार तासांत ६०० मिलिलिटर ओआरएस. हिशोब मला करायला लावला. (एवढा एकच आकडा त्या दिवशी माझा बरोबर आला.)

मग त्यांनी आईला विचारलं, "पुडी कशी कालवलीत?" आईने मान खाली घातली. डॉक्टर रागावले नाहीत. पुडी माझ्या हातात देऊन म्हणाले, "वाच रे, इंजिनिअर." पुडीवर स्पष्ट छापलं होतं, १ लिटर पाण्यात पूर्ण पुडी. घरात चार शिकलेली माणसं, वाचलं कुणीच नव्हतं. चिमूट कमी पडली तर मीठ पुरत नाही, जास्त झाली तर रक्तातलं मीठ वाढतं, म्हणून अंदाजाचं काम नाही. आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम एकाच दारातून जोडीने आत जातात आणि पाणी त्यांच्यामागून जातं. जुलाबातही ते दार चालू असतं. हे त्यांनी आजीला माझ्याहून सोपं करून सांगितलं आणि चमचा तिच्याच हातात दिला. "एवढी पोरं वाढवलीत, हे काम तुमचं."

अर्ध्या तासाने पिल्लूने सगळं ओकून टाकलं. ताईचा चेहरा पांढराफटक. डॉक्टर आतूनच म्हणाले, "दहा मिनिटं थांबा, मग आणखी हळू." आजी चमचा-चमचा पाजत राहिली. चौथ्या तासाला पिल्लूने माझी पँट भिजवली. शू झाली म्हणून एवढा आनंद झालेलं आमचं पहिलंच खानदान असेल!

निघताना सगळं सांगून झालं. अंगावरचं दूध चालूच ठेवा, मऊ वरणभात द्या, उपाशी ठेवू नका. झिंकची गोळी चमचाभर पाण्यात विरघळवून १४ दिवस, जुलाब थांबले तरी. मग मला एकट्याला दाराशी थांबवलं. खिशातली गोळी ताईनेच सांगितली असणार. "दे इकडे." कचऱ्याच्या डब्यात टाकली. "या वयात हिने आतडंच थंडावतं. जुलाब दिसेनासे होतात, पोर आत बिघडतं." घरच्यांसमोर एक शब्द बोलले नाहीत. "दोन दिवसांत जुलाब थांबतील आणि ताई झिंक विसरेल. हॉस्टेलवरून रोज फोन करायचा, ही तुझी शिक्षा."

हॉस्टेलवर आल्यावर दिलीप महालनबीस या बालरोगतज्ज्ञांविषयी वाचलं. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत, सीमेजवळच्या बनगावला, कॉलरा पसरला आणि सलाइन संपत आलं. त्यांनी लिटरभर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ आणि २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा कालवून पिंपं भरली आणि पाजायचं काम रुग्णांच्या नातेवाइकांवर सोपवलं. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं, ते ४ टक्क्यांच्या खाली आलं. २०२२ मध्ये ते गेले, पद्मविभूषण २०२३ मध्ये, मरणोत्तर. आपल्याकडे उशीर म्हणजे परंपराच, असो.

रोज रात्री मेसमधून आल्यावर फोन करत होतो. चौदाव्या दिवशी आजीने उचलला. "दिली रे बाबा गोळी, संपली आज. आता ठेव फोन. शेजारच्या नातवाला जुलाब लागलेत, मी लिटरचं माप घेऊन तिकडेच निघालेय."