काशीगांवच्या कुंपणावरील कुडा

सेवानिवृत्तीनंतर आम्ही काशीस येऊन राहिलों, असें जुन्या स्नेह्यांस कळविलें, तेव्हां दोघांतिघांनीं आमच्या काशीवासाबद्दल अभिनंदनाचीं पत्रें धाडलीं. एकानें तर गंगोदकाची मागणीही केली! आमची काशी निराळी. मुंबईहून अहमदाबादेकडे जाणारा हमरस्ता दहिसर मागें टाकून उत्तरेस निघाला, कीं उजव्या हातास डोंगरांची निळसर रांग दिसूं लागते. तिच्या जवळचें हें काशीगांव. घोडबंदरकडे जाणारा फांटा येथून दूर नाहीं. तेथील किल्ला मराठ्यांनीं १७३७ सालीं, म्हणजे वसई सर होण्यापूर्वीं दोन वर्षें, पोर्तुगीझांपासून घेतला. पुढें २००२ सालीं मीरा-भाईंदरची महानगरपालिका झाली, भातखाचरांच्या जागीं बहुमजली इमारती आल्या, आणि आतां गांवाचें नांव धारण करणारें मेट्रोचें स्थानक उंच खांबांवर उभें आहे. इतकें होऊनही डोंगर जागचा हललेला नाहीं. तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग. या उद्यानाचें क्षेत्रफळ सुमारें १०४ चौरस किलोमीटर असून त्यांत बिबट्यांचा वास आहे. ते कधीं कधीं वस्तीच्या कडेपर्यंत येतात. म्हणून दिवेलागणीनंतर मुलांनीं मागील कुंपणाकडे जाऊं नये, असा आमच्या घरीं दंडक आहे. येथें लिहावयाचें आहे तें मात्र दिवसाउजेडीं पाहावयाच्या गोष्टींविषयीं.

आमच्या इमारतीच्या पाठीमागें, भिंत व नाला यांच्या मध्यें, एक चिंचोळी पट्टी आहे. तिच्या अर्ध्या भागांत आम्हीं व शेजारच्या दोघां गृहस्थांनीं तगर, जास्वंद, लिंबू व कढीलिंब लाविलीं. उरलेला अर्धा भाग कोणीं लाविला नाहीं. तो आपोआप लागला. टाकळा, कुरडू, रुई, घाणेरी यांनीं तेथें ठाण मांडलें, आणि कुंपणाला टेकून एक पांढऱ्या फुलांचें झाड वाढलें. आम्ही लाविलेल्या भागास बाग व न लाविलेल्या भागास रान म्हणत असूं. रान म्हणजे काढून टाकावयाची वस्तु, याविषयीं त्या वेळीं आमच्या मनांत संशय नव्हता.

लिंबाच्या पानांवर पांखरांच्या शिटेसारखे काळे-पांढरे ठिपके दिसले, तेव्हां आम्हीं माळ्याकडून त्यांवर औषध मारविलें. दोन वर्षें हा क्रम चालला. तिसऱ्या वर्षीं आमची नात शाळेतून शिकून आली, आणि ती शीट नसून अळी आहे, तिला शिवल्यास ती डोक्यावर लाल-नारिंगी दुबेळकें काढते व उग्र वास सोडते, असें तिनें काडीनें डिवचून आम्हांस दाखविलें. पुढें ती अळी हिरवी झाली, कोशांत गेली, आणि कांहीं दिवसांनीं एका सकाळीं त्यांतून लिंबावरील काळें-पिवळें फुलपांखरूं निघालें. दोन वर्षांत आम्हीं अशीं किती मारविलीं याचा हिशेब नातीनें मागितला. आम्हीं आयुष्यभर मुलांस हिशेब विचारले. हा मात्र आम्हांस देतां आला नाहीं. २०१५ सालीं महाराष्ट्र सरकारनें राज्यफुलपांखरूं म्हणून जें निवडलें, तें मोठें काळें-निळें फुलपांखरूंही लिंबाच्याच कुळांतील झाडांवर अंडीं घालतें. मोठ्या झाडाचें या अळ्यांनीं फारसें बिघडत नाहीं. अगदीं लहान रोप मात्र जाळीखालीं ठेवावें.

पक्ष्यांची ओळख त्यामानानें सोपी गेली. तांबटाची टुकटुक, जास्वंदीवर लोंबणारा शिंजीर, पानें शिवून घरटें करणारा शिंपी, आणि शकुनाचा म्हणून ज्याला घरांतील वडील मंडळी हात जोडतात तो भारद्वाज, हे सर्व रानाच्याच बाजूनें येत. सलीम अली यांचें भारतीय पक्ष्यांवरील प्रसिद्ध इंग्रजी पुस्तक १९४१ सालीं निघालें. त्याची एक जुनी प्रत आमच्यापाशीं आहे, तिचा उपयोग झाला.

वनस्पतींच्या बाबतींत मात्र आमच्या विद्येनेंच आम्हांस फसविलें. ज्यानें अमरकोशांतील वनौषधिवर्ग बाळपणीं घोकला, त्यास झाडांचीं नांवें कोणीं शिकवावीं? कुंपणावरील झाडास ज्येष्ठाच्या आरंभीं पांढरीं फुलें आलेलीं पाहून आम्हीं शेजाऱ्यांस सांगितलें, हाच कुटज. मेघदूतांतील यक्षानें मेघास ज्याचीं ताजीं फुलें वाहिलीं, तो हा. याची साल अतिसारावर प्रसिद्ध आहे. त्यावर आम्हीं बरेंच निरूपण केलें. पुढें त्याच पावसाळ्यांत चिरंजिवांचें पोट बिघडलें, आणि कुंपणाच्या झाडाची साल काढून काढा द्यावा असें आमच्या मनानें घेतलें. कोयती घेऊन आम्ही झाडाशीं उभे होतों. इतक्यांत डोंगराकडील पाड्यावरून रानभाजी घेऊन येणारी म्हातारी फाटकाशीं आली. तिनें कोयती पाहिली, झाड पाहिलें, आणि म्हणाली, “बाबा, यो गोडा कुडा. पोटाला कडू कुडा लागतो. यो नाय चालत.”

आम्हीं प्रथम वाद घातला. तिनें वाद घातला नाहीं. एक फांदी वांकवून शेंगा दाखविल्या. त्या जोडीनें लोंबत होत्या व दोन्ही शेंगांचीं टोंकें एकमेकांस चिकटलेलीं होतीं. कडू कुड्याच्याही शेंगा जोडीनेंच येतात. पण त्या टोंकाशीं सुट्या असतात. मग शास्त्रीय पुस्तकांत पाहिलें, तों म्हातारीचें म्हणणें अक्षरशः खरें निघालें. पांढरा कुडा तो औषधी, त्याचें बीं कडू इंद्रजव. आणि आमचा हा काळा कुडा, त्याचें बीं गोडें इंद्रजव. एकाच कुळांतील, दोघांस चीक, दोघांस पांढरीं फुलें. काळ्या कुड्याच्या पानांपासून पूर्वीं निळा रंग काढीत, आणि त्याचें गुळगुळीत पांढरें लांकूड चन्नपट्टणच्या खेळण्यांस लागतें. म्हणजे झाड गुणी. पण त्याचा गुण निराळा. चिरंजीव डॉक्टरांच्या औषधानें दोन दिवसांत बरे झाले. कडू कुड्याच्या जागीं गोड्या कुड्याची साल खपविली गेल्यामुळें हें औषधच बदनाम झाल्याचें जुन्या ग्रंथकारांनीं लिहून ठेविलें आहे. त्या बदनामींत आमचीही भर पडावयाची राहिली.

तेव्हांपासून आम्हीं म्हातारीजवळ धडे घेण्यास आरंभ केला. शेवळें तिनें आम्हांस प्रथम दाखविलीं. तीं नुसतीं शिजविल्यास घसा खाजतो, म्हणून त्यांत काकडाचीं आंबट फळें घालावीं, हें तिनें सूनबाईस सांगितलें. कुलूची भाजी कोंवळ्या गवताप्रमाणें दिसते, म्हणून ती तिच्याच हातची घ्यावी, आपण खुडूं नये. ही भाजी ज्या मुसळीच्या जातींपासून होते, त्यांपैकीं एकीच्या शास्त्रीय नांवांत आपली बोरिवलीच आहे; मुंबईच्या सेंट झेवियर कॉलेजांतील फादर सांतापाव व त्यांचे सहकारी फर्नांडिस यांनीं ती तेथीलच म्हणून नोंदविली. हें आम्हीं म्हातारीस सांगितलें, तेव्हां “मंग तिला काय बोलतांत?” असें तिनें विचारलें. तें लांबलचक लॅटिन नांव ऐकून ती बराच वेळ हंसत होती.

गेल्या वर्षीं गृहसंस्थेच्या सभेंत मागील पट्टी तृणनाशक मारून साफ करावी व तेथें फरशी घालावी, असा ठराव आला. कारण सापांचें होतें, आणि तें खोटें नव्हतें; धामण दोनदां निघाली होती. धामण बिनविषारी असून उंदीर खाते, हें आम्हीं सांगितलें; पण ज्यांच्या घरीं रांगतीं मुलें आहेत त्यांस हें पटवून देणें कठीण, आणि नागही निघूं शकतो हें आम्हांस नाकारतां येईना. शेवटीं तडजोड झाली. इमारतीलगत चार हात जागा स्वच्छ ठेवावी, राडारोडा उचलावा, घाणेरी उपटावी. बाकीचें जसें आहे तसें राहूं द्यावें. घाणेरी मूळची अमेरिकेंतील, तेव्हां तिच्यासाठीं आम्हीं भांडलों नाहीं. कुड्याच्या बाजूनें मात्र नातीनें भाषण केलें, आणि त्यांत आमच्या कोयतीची हकीकतही सर्वांस सांगून टाकिली.

२०२४ सालीं या डोंगरांत कारवी फुलली होती. ती आठ वर्षांनीं एकदां फुलते व फुलून मरते. त्यापूर्वीं २०१६ सालीं फुलली होती. म्हातारीनें त्याच वेळीं बजावलें होतें, कीं बीं सुटेपर्यंत तिला हात लावूं नये. आतां डोंगरउतारावर तिचीं नवीं रोपें वाढत असतील. नातीनें भिंतीवरील दिनदर्शिकेच्या मागें २०३२ हा आंकडा लिहून ठेविला आहे, आणि त्याखालीं आमचें त्या वर्षींचें वय वजाबाकी न चुकवितां मांडलें आहे.